करड्या रंगातली भिंत

१२ जानेवारी, रविवार

नवं काम आलं. टॉमस सरांनी सकाळीच फाइल टेबलावर टाकली. "सुषमा, दिस इज युअर टाइप." माझा टाइप म्हणजे जुनं, पडकं आणि ऑफिसात दुसरं कुणी हात लावत नाही ते.

एकोणीसशे तीसच्या मंदीत मोत्यांचा धंदा बसला, माणसं रिकामी झाली, तेव्हा सरकारनं हाताला काम म्हणून काही बारीकसारीक बांधकामं काढली होती. त्यातलं इथं बहरीनला, मनामात काय उरलंय ते मोजायचं आणि नकाशे काढायचे. एक पाण्याची टाकी, एका शाळेचा व्हरांडा, एक समुद्राची भिंत. टाकीवर आता मोबाइलचा टॉवर आहे. व्हरांड्यात झेरॉक्सवाला बसतो. भिंत अजून बघितली नाही.

नकाशात रंग दोनच. लाल म्हणजे मूळ काम, ठेवायचं. करडा म्हणजे नंतरची भर, काढली तरी चालेल.

प्रकाशची नाइट शिफ्ट. लेकीचा, सांचीचा, सायन्स प्रोजेक्ट माझ्या गळ्यात.

१४ जाने., मंगळ.

भिंत बघून आले. समुद्राची म्हणतात, पण समुद्राचा पत्ता नाही. भराव टाकून टाकून तो पार लांब ढकललाय. भिंतीपुढे मातीचं पार्किंग, मग चार पदरी रस्ता, मग काचेच्या इमारती, त्याच्याही पलीकडे कुठेतरी पाणी असावं. वारा मात्र होता. शमाल, इकडचा उत्तरेचा वारा, सुटलाय दोन दिवस, टेपचं एक टोक धरायला माणूस नाही, तारांबळ.

भिंतीचे दोन भाग. डावा नीट: घडीव दगड, सरळ थर, कोपरा काटकोनात. उजवा म्हणजे ढीग उभा केलाय नुसता. बारके दगड, कुठे फुगलाय, कुठे आत गेलाय, आणि उगाच रुंद. दोन्हीच्या जोडावर कुणीतरी प्लास्टर थापलंय आणि पुढ्यात कचऱ्याची भलीमोठी लोखंडी पेटी. ती हलेना. सोडून दिलं.

उजव्या भागावर एक म्हातारा बहरिनी बसून करक चहा पीत होता. बू राशिद. त्यानं धरलंच मला. "मेरा जद इदर काम किया. गौस खलास, पैसा मफी. बाद हुकूमत बोला, यल्ला, पत्थर उठाओ." जद म्हणजे आजा. गौस म्हणजे मोत्यांसाठी बुड्या मारायचं काम. मफी म्हणजे नाही. मी अच्छा, अच्छा केलं. प्रत्येक साइटवर असा एक म्हातारा असतोच, ज्याच्या आज्यानं ते बांधलेलं असतं.

१६ जाने., गुरु.

रंग भरले. डावा भाग लाल, उजवा करडा. फार विचार करावा लागला नाही. आपल्याकडे पूल बघितला की माणसं म्हणतात ना, इंग्रजांच्या काळातला आहे, हलायचा नाही. इथंही तेव्हा सल्ला इंग्रजांचाच चालायचा. असं काम त्यांचंच. उजवीकडचं कुणीतरी नंतर पडझड झाली म्हणून कसंबसं भरून घेतलेलं.

करड्यावर शेरा लिहिला: नंतरची भर, कामाला दर्जा नाही, महत्त्व नाही. इंग्रजीत तो आणखी छान दिसतो.

टॉ. खूश. नव्या इमारतीला पार्किंगचं तोंड हवंय, ते बरोबर करड्यातूनच जातं. "व्हेरी क्लीन, सुषमा." दुपारी नकाशा क्लायंटला गेला पण.

२४ जाने., शुक्र.

आत्या आली. तीन महिन्यांचा व्हिजिट व्हिसा, पण म्हणते महिन्याच्या वर थांबणार नाही, शेळी शेजारणीकडे ठेवलीय. विमानतळावर प्र. आईला मिठी मारायला गेला तर तिनं आधी पिशवी त्याच्या हातात दिली. पिशवीत ज्वारीचं पीठ.

"आत्या, इथं मिळतं गं."

"मिळत आसंल. मपलं मिळतं का?"

सासू झाली तरी मला आत्याच. बाबांची थोरली बहीण. अगं-तुगं चालतं, नणंदांना ते अजून खटकतं.

घर बघून खूश. सनदमधल्या आमच्या फ्लॅटच्या खिडकीतून समोरच्यांचं खजुराचं झाड दिसतं, तेवढ्यावर खूश. सांची इंग्रजीत बोलते, आत्या बीडच्या बोलीत उत्तर देते. दोघींचं उत्तम जमलंय. मला मध्ये बोलू देत नाहीत.

२७ जाने., सोम.

आत्याला सगळं मोजायची खोड. खालच्या कोल्ड स्टोअरमध्ये, म्हणजे किराणा दुकानात, कोथिंबिरीची जुडी हातात तोलून परत ठेवली. दुकानदार केरळचा, त्यालाच म्हणाली, "एवढ्याला जुडी म्हनत न्हाईत, बाबा." तो हसला आणि दुसरी दिली. मला लाज वाटली. त्याला नाही वाटली.

क्लायंटचा मेल. भिंतीचा मागचा फोटो हवा. शुक्रवारी जाईन.

३१ जाने., शुक्र.

प्र. शिफ्टवरून येऊन झोपला, सांची मैत्रिणीकडे, म्हणून आत्याला घेऊन गेले. म्हटलं, फोटो काढू, मग कॉर्निशला समुद्र दाखवू.

आत्या जाऊन थेट उजव्या भागावर बसली. चपला काढून, मांडी घालून. "केवढी रुंद गं! बैलगाडी जाईल वरून." बू राशिद होताच. त्यानं लगेच चहा मागवला. तो त्याच्या हिंदीत, ती तिच्या मराठीत, चांगलं रंगलं होतं. त्यानं विचारलं, बच्चा कितना? तिनं शेळीचं सांगितलं. चहाला म्हणाली, "बरा हाय, पर लईच गुळमाट."

मग त्यानं भिंतीवर थाप मारून आज्याचं काढलं. हातानं डोक्यावर दगड ठेवल्याची खूण केली. आत्यानं मला विचारलं, काय म्हनतो? मी सांगितलं, मंदी आली होती, खायला नव्हतं, तेव्हा सरकारनं यांच्या आज्याला कामावर घेतलं आणि ही भिंत बांधून घेतली.

आत्या उठली. चहा अर्धा तसाच. चपला घातल्या.

"चल घरी."

"समुद्र बघायचाय ना?"

"नको. चल."

बू राशिदला वाटलं त्याचंच काही चुकलं. मला विचारत राहिला, अम्मा जालान? रागावली का? मी म्हटलं नाही, तब्येत. मला तरी काय माहीत होतं.  घरी येऊन भांडी घासायला घेतली, स्वच्छ होती ती.

१ फेब्रु., शनि.

प्र.ला सांगितलं. तो म्हणाला, "आईला दुष्काळाचं विचारू नकोस. आम्हीपण विचारत नाही."

बहात्तरला आत्या तेराची असेल. गावाबाहेर रस्त्याचं दुष्काळी काम निघालं होतं, आमची सगळी आळी खडी फोडायला होती, एवढंच मला माहीत. बाबा कधी बोलले नाहीत. ते तेव्हा लहान. मी औरंगाबादला क्वार्टरमध्ये वाढले, नळाला पाणी, वडील क्लार्क. दुष्काळ म्हणजे आमच्याकडे नातेवाईक राहायला यायचे तो.

दिवसभर एकच डोक्यात. उगाच रुंद. मीच लिहिलंय, उगाच रुंद. ज्याला भिंत हवी तो उगाच रुंद कशाला बांधेल? दगड फुकट नाही, चुना फुकट नाही. पण ज्याला भिंत नकोच आहे, नुसतं माणसांना गुंतवून ठेवायचंय, तो रुंदच बांधेल.

आणि दगड बारके. एका माणसानं डोक्यावर नेता येतील एवढेच.

सोमवारी परत जाऊन जोड बघायचा.

३ फेब्रु., सोम.

जेवणाच्या सुट्टीत गेले. कचऱ्याची गाडी आली होती, पेटी उचललेली, तेवढ्यात जोडापाशी बसून प्लास्टर खरवडलं. स्क्रूड्रायव्हरनं. बाईमाणूस सूट घालून उकिडवं बसून भिंत खरवडतंय, येणारे-जाणारे बघत होते.

माझंच चुकलंय. शंकाच नाही. नीटस डावा भाग येऊन उजव्याला टेकलाय. आधी उजवा होता, मग डावा आला. डाव्यात सिमेंट आहे. उजव्यात नुसता चुना. डावा भाग नंतर कुणी चांगल्या गवंड्यांकडून करून घेतला असणार. मंदीतलं काम म्हणजे तो ओबडधोबड ढीगच. पाणबुडे होते ते, गवंडी नव्हते. आयुष्यात कधी थर लावला नव्हता, तो लावला.

आणि मी त्याला करडा रंग दिला. जुनं ते सोनं म्हणता म्हणता जे नीट दिसलं त्यालाच जुनं समजले. पंधरा वर्षं हेच काम करते. बू राशिदनं पहिल्याच दिवशी तोंडावर सांगितलं होतं. अच्छा, अच्छा.

४ फेब्रु., मंगळ.

टॉ.ना सांगितलं. दार लावून घेतलं त्यांनी. ओरडले नाहीत, तेच वाईट.

"क्लायंटनं बघितलंय. पार्किंगचा आराखडा त्यावर झालाय. आता म्हणायचं आमचा लाल तो करडा आणि करडा तो लाल? वी विल लुक फूलिश."

मी म्हटलं, सर, चूक आहे.

"हू विल नो?"

बू राशिदला माहीत आहे, असं तोंडावर आलं होतं. गिळलं. गुरुवारी बोलू म्हणाले. गुरुवारी ते दुबईला आहेत, हे त्यांनाही माहीत आहे. माझा व्हिसा एप्रिलमध्ये रिन्यूअलला. हे मी उगाच लिहिलं नाही.

७ फेब्रु., शुक्र.

सकाळी हमद टाउनला गायकवाडांकडे बुद्धवंदनेला. आत्या मजेत, बायकांत मिसळली. येताना गाडीत बरी दिसली म्हणून मी काढलं. म्हटलं आत्या, ती भिंत दुष्काळी कामातली आहे गं, तुमच्या रस्त्यासारखी. माझ्या चुकीनं पाडतील. वाचवायला बघतेय.

मला वाटलं होतं, शाबास म्हणेल.

"पाडू दे की."

"अगं, इतकी जुनी—"

"भुकंचं काम कुनी जपून ठिवतं का? लोक यिऊन फोटो काढत्याल. हितं उपाशी माणसं दगडं व्हायली म्हनून. पाडू दे. चांगली गाडी लावायला जागा व्हईल."

प्र. गाडी चालवत होता, आरशातून माझ्याकडे बघत होता, गप्प बस म्हणून. मी बसले नाही. म्हटलं, तुला लाज वाटते का त्याची? आत्या म्हणाली, "तुला काय ठावं?" मी म्हटलं, तू सांगत नाहीस तर मला ठावं कसं होणार? आवाज चढला माझा. सांचीनं कानात हेडफोन घातले.

मला राग आलाय. तिचा नाही बहुतेक.

९ फेब्रु., रवि.

अबोला. भाकरी मात्र माझ्या डब्यात गरम. टॉ. दुबईहून आले, माझ्या टेबलाकडे फिरकले नाहीत. मी नकाशा उघडून बसले, करड्या भागावर कर्सर नेऊन परत आणला. अशी दुपार गेली. सोडून द्यावं का? आत्यालाच नको असेल तर मी कुणासाठी भांडतेय? बू राशिदला बसायला दुसरा कट्टा मिळेल.

सोडून द्यावं, असं पक्कं ठरवलं आज.

१० फेब्रु., सोम.

संध्याकाळी मेथी निवडत होतो दोघी. प्र. शिफ्टला. आत्यानं आपणहून काढलं. मेथीकडे बघत बोलत होती, मी मध्ये एक शब्द टाकला नाही. आठवतंय तसं लिहून ठेवते.

रस्ता गावापासून माळापर्यंत होता. पुढं कुठं जायचा कुणालाच माहीत नव्हतं. "पुढं गावच नव्हतं. रस्ता कशाला, आमाला दम धराया." पाऊस पडला तेव्हा काम बंद झालं, रस्ता तिथंच राहिला. अजून तिथंच आहे.

ती आणि आजी खडी फोडायच्या. बाबा चार वर्षांचे, आत्या त्यांना कडेवर घेऊन जायची, ढिगाच्या सावलीला निजवायची. दुपारी सुकडी मिळायची. पाणी आमच्या लोकांना वरून वाढायचे. "खडीला समदे येक, पान्याला न्हाई."

मग म्हणाली, एक दिवस साहेब आला. जीपमधून. टेप घेऊन. बाकीच्यांचे ढीग मोजले. यांच्या ढिगापाशी आला आणि टेप लावलाच नाही. बूट मारला ढिगाला. मोठी फोडलीय म्हणाला.

"म्हनला, हे काम न्हाई. आसंच म्हनला. लिवलंच न्हाई त्यानं. म्हाया आईचे हात फुटले व्हते, रगत लागलं व्हतं खडीला, अन् हा म्हनला हे काम न्हाई."

मी विचारलं, मग?

"मग काय. दुसऱ्या दिशी त्योच ढीग रस्त्यावर टाकला त्यांनी. काम न्हाई म्हनलेला. त्याच्यावरून रूळ फिरवला."

मेथी संपली. ती देठं गोळा करत होती. मी विचारलं, म्हणून त्या दिवशी उठलीस? तिनं मान हलवली. म्हणाली, तिला त्या भिंतीवर बसून बरं वाटत होतं. मग कळलं आपण कशावर बसलोय.

"तू काय लिवलंस त्या भिंतीवर?"

मला सांगावंसं वाटत नव्हतं. सांगितलं. नंतरची भर. कामाला दर्जा नाही. महत्त्व नाही.

आत्या माझ्याकडे बघत राहिली. रागानं नाही. तिला खरंच कळत नव्हतं की हे मी लिहिलंय, तिच्या भावाच्या पोरीनं, जिला शिकवायला त्यानं पोटाला चिमटा घेतला. मग म्हणाली,

"पाडायची तर पाडा. म्हाया काय बापाची न्हाई. पर काम न्हाई म्हनू नको."

मी मोरीत जाऊन रडले. नळ सोडून, म्हणजे ऐकू जाऊ नये. गेलं असणार.

११ फेब्रु., मंगळ.

आठ वाजता टॉ.च्या दारात. म्हटलं सर, दुरुस्त नकाशा मी आजच काढते. पार्किंगचं काय करायचं ते क्लायंट बघेल, आपला त्याच्याशी संबंध नाही. आपलं काम सांगायचं, काय कुठलं आहे ते. चूक माझी, तसं लिहून देते.

"तू लिहून देणार?"

"हो."

"युअर नेम. नॉट द कंपनी'ज."

"माझं नाव."

बराच वेळ पेन वाजवत बसले. माणूस वाईट नाही. बापाचं घर कोट्टयमला भावांनी पाडलं तेव्हा आठवडाभर कुणाशी बोलले नव्हते, मला माहीत आहे. पण ते आठवण करून द्यायची ही वेळ नव्हती. शेवटी म्हणाले, पुढच्या फेजवर दुसऱ्या कुणाला घ्यावं लागेल, क्लायंटला उत्तर द्यायला. मी म्हटलं घ्या.

बाहेर आले. मग कामाला लागले.

१३ फेब्रु., गुरु.

नकाशा झाला. उजवा भाग लाल. दगड, चुना, जोड, सगळ्याचे फोटो जोडले. बू राशिदकडे जाऊन त्याच्या आज्याचं नाव विचारलं, सांगितल्याप्रमाणे म्हणून टीपही टाकली. तो म्हणाला, नाव कशाला, सगळेच होते. पण मग सांगितलं. दोनदा सांगितलं, नीट लिहून घेतलं का ते बघायला फोन मागून घेतला. चष्मा नव्हता, तरी बघितलं.

अम्मा कशी आहे विचारलं. बरी आहे म्हटलं.

शेऱ्यापाशी सगळ्यात वेळ लागला. इंग्रजीत सात-आठ वेळा लिहून खोडला. शेवटी साधाच ठेवला.

दुपारी पाठवला. चूक माझी असल्याचं पत्रही. प्र.ला फोन केला, तो म्हणाला बरं केलंस, मग थोड्या वेळानं म्हणाला व्हिसाचं बघू. दोन्ही खरंच म्हणाला.

१८ फेब्रु., मंगळ.

उत्तर नाही. ऑफिसात पोरं जरा जपून बोलतात माझ्याशी. पुढच्या फेजची मीटिंग झाली, मला बोलावलं नव्हतं. काचेतून दिसत होतं सगळं. लागलं, लिहायला हरकत नाही. चांगलंच लागलं.

आत्याला सांगितलं नाही. तिनं ओळखलं असावं. रात्रीच्या जेवणात पिठलं केलं, ते मला आवडतं आणि तिला आवडत नाही.

२१ फेब्रु., शुक्र.

आत्या गेली. शेळी व्यायलीय म्हणून शेजारणीचा फोन आला, मग राहीना. कॉर्निशचा समुद्र एकदाचा काल बघितला. "एवढंच का?" म्हणाली. त्या भिंतीकडे न्यायचं मी विचारलं नाही, तिनंही काढलं नाही. विमानतळावर सांची मराठीत म्हणाली, आजी लवकर ये. उच्चार असा की आत्या हसत हसतच आत गेली. मागं वळून बघितलं नाही.

घर मोठं वाटतंय.

४ मार्च, मंगळ.

रोजे चालू. ऑफिस दोनला सुटतं. आज क्लायंटचं उत्तर. तीन ओळी. दुरुस्ती मान्य, नोंद तशी बदलण्यात येत आहे. पार्किंगच्या प्रवेशाबाबत निर्णय ईदनंतर. म्हणजे आता ती भिंत मूळ काम आहे, आणि मूळ काम असूनही पडू शकते. टॉ.नी मेल मला फॉरवर्ड केला, वर काही लिहिलं नाही. मग जाताना टेबलापाशी थांबले. "टाकीचा सेक्शन अर्धवट आहे, तू पुरा करशील?" करते म्हटलं.

येताना वाट वाकडी करून भिंतीवरून आले. कुणी नव्हतं. रोजा, चहाचं दुकान बंद. उजव्या भागाला पिवळी पट्टी गुंडाळलीय. जपायला की पाडायला, ते पट्टीवरून कळत नाही. वॉचमन नेपाळी. विचारलं तर म्हणाला, "पता नहीं मॅडम, बोला लगाओ, लगा दिया."

७ मार्च, शुक्र.

आत्याचा फोन. शेळीची दोन्ही पिल्लं बरी आहेत, एक बोकड. शेजारणीनं दूध किती काढलं यावर भांडण चालू आहे. मग विचारलं, पडली का?

म्हटलं अजून नाही. ईदनंतर कळेल.

"काय लिवलंस आता?"

तिला मराठीत करून सांगितलं. मूळ काम. मंदीच्या काळात, गवंडी नसलेल्या माणसांनी हातानं केलेलं. पुरं केलेलं.

पलीकडून नुसता शेळीचा आवाज. मला वाटलं फोन कटला. आत्या, आत्या केलं.

"हाय, हाय." मग म्हणाली, "सायबानं सही केली का त्याच्यावर?"

"केली. माझीच आहे."

"टेप लावला व्हता का?"

"हो, आत्या. सगळीकडून लावला."

 मग एकदम हळू, जसं काही उसनं मागायचंय:

"आन् आमच्या रस्त्याचं कुठं काय लिवलंय का गं?"

मी म्हटलं, बघते. कुणाला विचारायचं तेही मला माहीत नाही.